ओढाळ गुरे आणि कुरणाचे कुंपण

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात इस्लापूरच्या आसपास शेत, माळ आणि जंगल ही तिन्ही एकमेकांस खेटून आहेत. एका अंगाला पैनगंगेचे खोरे व सहस्रकुंडाचा धबधबा, दुसऱ्या अंगाला सागवानी डोंगर, मधून गेलेला मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग आणि या सर्वांच्या मधल्या जागेत कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारीची शिवारे, अशी या भागाची रचना आहे. हा मुलूख पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ व किनवट तालुका मुंबई राज्यात आले आणि १९६० पासून ते महाराष्ट्रात आहेत. मराठवाड्याच्या इतर भागांपेक्षा येथे पाऊस अधिक पडतो, गवतही बरे येते. असे असूनही कुरणात घातलेली गुरे कुंपण मोडून पिकात शिरल्याच्या तक्रारी अशा मुलखात पावसाळ्याच्या अखेरीस हटकून ऐकू येतात.

गुरे बाहेर पडली की होणारे नुकसान एकाच घराचे होत नाही. शेजाऱ्याचे हाताशी आलेले पीक रात्रीतून तुडवले जाते आणि धुऱ्यावरची जुनी सलोख्याची माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. जनावराच्या जिवालाही धोका असतो. कोवळी ज्वारी खाऊन ते तासाभरात दगावू शकते, लोहमार्गावर गाडीखाली सापडते अथवा जंगलात भरकटून वाघ-बिबट्याच्या तावडीत जाते. ज्याच्या दावणीला एकच बैलजोडी आहे, त्याचा एक बैल गेला तर त्या वर्षीची पेरणीच अडते. म्हणून कुंपणाचा विचार शेतकऱ्याने पिकाइतक्याच काळजीने केला पाहिजे.

गुरे कुंपण का ओलांडतात?

कुंपण मजबूत केले की गुरे आत राहतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पोटभर चरलेले, पाणी प्यालेले आणि सोबतीला कळप असलेले जनावर साध्या काट्याच्या वईपाशीही थांबते. उलट, भुकेलेल्या बैलापुढे चार पदरी तारही टिकत नाही. तो आधी मान तारेखालून घालून पलीकडचे गवत खातो, मग खांद्याने तार रेटतो, खांब हलतो आणि एके दिवशी वाट मोकळी होते. कुंपण हे गुरांना त्यांची हद्द दाखवून देण्याचे साधन आहे. त्यांची भूक अडविण्याचे काम त्याच्याकडून होत नाही.

गुरे बाहेर पडण्याची कारणे तपासून पाहिली तर ती बहुधा पुढीलपैकी एक असतात. कुरणातील गवत संपलेले अथवा जून झालेले असते. पाणी दूर किंवा बाहेर असते. अंगात क्षारांची कमतरता असते. गाय माजावर आलेली असते. गाईपासून वासरू नुकतेच तोडलेले असते. जनावर नवीन विकत आणलेले असून त्याला जुन्या घराची ओढ असते. किंवा कळपातील एखादे जनावर मुळातच ओढाळ असते आणि बाकीची त्याच्या मागून जातात. यांपैकी कोणते कारण आहे हे न पाहता केवळ तारेचा आणखी एक पदर वाढविला, तर पैसा खर्च होतो आणि गुरे पूर्वीप्रमाणेच बाहेर पडतात.

गवताचा हिशेब

या कारणांत पहिले कारण सर्वांत मोठे आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जनावराला त्याच्या वजनाच्या शेकडा दोन ते अडीच इतका कोरडा चारा रोज लागतो. लाल कंधारी जातीचा किंवा गावठी बैल सुमारे ३०० किलो वजनाचा धरला, तर त्याला दररोज सुमारे सात किलो वाळल्या चाऱ्याइतके अन्न पाहिजे. हिरव्या गवताच्या रूपात हेच प्रमाण २५ ते ३० किलो होते.

आता एका शेतकऱ्याकडे दोन हेक्टर कुरण व चार मोठी जनावरे आहेत असे धरू. माळाच्या साध्या गवताचे हेक्टरी दोन टन वाळले उत्पन्न मानले, तर एकूण गवत ४,००० किलो होईल. यातील निम्मे जमिनीवर राहू द्यावे लागते. तसे न केल्यास मुळे दुबळी होऊन पुढच्या वर्षी गवताऐवजी तरोटा व काटेरी झुडपे माजतात. म्हणजे गुरांच्या वाट्याला २,००० किलो येते. चार जनावरांना रोज २८ किलो लागत असल्याने हे गवत ७१ दिवस पुरेल. जुलैच्या १५ तारखेस गुरे कुरणात घातली असतील, तर २४ सप्टेंबरच्या सुमारास कुरण रिकामे होईल.

ही तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नेमक्या याच सुमारास धुऱ्यापलीकडे ज्वारी निसवत असते, सोयाबीनच्या शेंगा भरतात आणि कापसाला बोंडे धरतात. आत खाण्यास काही उरलेले नसते आणि बाहेर सर्व हिरवे असते. कुंपण सप्टेंबरअखेर मोडते याचे कारण खांबात किंवा तारेत शोधण्यापेक्षा या हिशेबात शोधावे.

यावर उपाय घरच्याच चाऱ्यात आहे. सायंकाळी गोठ्यात प्रत्येक जनावराला तीन किलो कडबा कुट्टी करून घातला, तर कुरणातून रोज सातऐवजी चारच किलो गवत लागेल. तेच २,००० किलो गवत मग १२५ दिवस, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पुरेल. तोपर्यंत सोयाबीन व ज्वारी घरी आलेली असते. यासाठी चार जनावरांना सारा मिळून सुमारे १५ क्विंटल कडबा लागतो. एका रात्रीच्या नासधुशीची भरपाई आणि त्यातून होणारे भांडण यांच्या मानाने हा खर्च हलका आहे. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या कुरणाचे क्षेत्र आणि जनावरांची संख्या घालून हा हिशेब जूनमध्येच करावा.

सबंध कुरण एकदम गुरांना मोकळे करू नये. त्याचे तीन किंवा चार भाग पाडून एकेक भाग पाळीने चारावा. गवत वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर वाढल्यावर त्या भागात गुरे सोडावी आणि ते चार बोटे, म्हणजे सात ते दहा सेंटिमीटर उरले की पुढच्या भागात न्यावी. मागील भागाला फुटण्यास अवधी मिळतो आणि गुरांना ठराविक दिवसांनी कोवळा चारा मिळत राहतो. नवा भाग उघडण्याची सवय लागलेली गुरे आतल्या फाटकापाशी वाट पाहत उभी राहतात. बाहेरच्या कुंपणाकडे ती फारशी वळत नाहीत.

गवताची जातही पाहिली पाहिजे. मारवेल, पवना, डोंगरी ही गवते गुरे आवडीने खातात. कुसळी गवत कोवळेपणी चालते, परंतु कुसळे धरल्यावर तोंडाला टोचते व गुरे ते सोडून देतात. अशा वेळी कुरण लांबून भरलेले दिसते, पण जनावरांच्या दृष्टीने ते रिकामेच असते. म्हणून कुसळी गवत फुलोऱ्यावर येताच कापून वाळवावे. पावसाच्या प्रारंभी विरळ जागी मारवेलाची ठोंबे लावावी व स्टायलोचे बी पेरावे. स्टायलो ही द्विदल वनस्पती असल्याने तिच्यापासून प्रथिनयुक्त चारा मिळतो आणि जमिनीचाही कस वाढतो.

पाणी, मीठ व सावली

मोठ्या जनावराला उन्हाच्या दिवसांत रोज ४० ते ६० लिटर पाणी लागते. कुरणात पाण्याची सोय नसेल तर गुरे ओढ्याच्या दिशेचे कुंपण सर्वांत आधी मोडतात. कुरणाच्या कडेला सिमेंटचा लहान हौद बांधावा. तो शक्य नसेल, तर दिवसातून दोन ठराविक वेळी गुरे पाण्यावर न्यावी. वेळ चुकू देऊ नये, कारण गुरांना वेळेची आठवण असते व उशीर झाला की ती स्वतःच निघतात.

क्षारांची कमतरता असलेली गुरे माती चाटतात, चिंध्या व हाडे चघळतात आणि कशाच्या तरी शोधात सारखी कुंपणाच्या कडेने फिरतात. हे उनाडपणाचे लक्षण मानून त्यांना मारू नये. दररोज सुमारे ३० ग्रॅम मीठ आणि ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्यावे, किंवा कुरणात आडोशाला क्षाराची चाटण वीट टांगून ठेवावी. वीट कुंपणापासून दूर, कुरणाच्या मध्याकडे टांगावी. सावलीचे झाडही मध्यभागी असलेले बरे. झाड कुंपणालगत असल्यास दुपारी सारा कळप तेथे दाटतो, अंग घासतो आणि खांब ढिले होतात.

कुंपणाचे प्रकार

कुंपण कोणते करावे हे जमीन, जवळचे साहित्य व ऐपत यांवर ठरवावे. कापलेल्या बाभूळ-बोरीच्या काट्यांची वई सर्वांत स्वस्त असते, पण ती एकाच हंगामापुरती टिकते. वाळवी लागून ती बसते आणि दरसाल झाडे तोडावी लागतात. ती नव्या जिवंत कुंपणाला आधार म्हणूनच करावी.

जिवंत कुंपण हे कायमचे व कमी खर्चाचे साधन आहे. चिल्लार, सागरगोटा, शिकेकाई व करवंद ही काटेरी झुडपे या कामी चांगली आहेत. सागरगोट्याचे बी फार कठीण असते. त्याचे कवच दगडावर घासून, बी रात्रभर पाण्यात भिजवून मगच लावावे. धुऱ्यालगत वीतभर खोल चर काढून त्यात सुमारे ३० सेंटिमीटर अंतराच्या दोन ओळींत, एका ओळीतील रोप दुसऱ्या ओळीतील मोकळ्या जागेसमोर येईल असे, पहिल्या पावसात लावावे. रोपे गुडघाभर झाली की शेंडे छाटावे. न छाटल्यास झुडूप वर वाढते व बुडाशी विरळ राहते, आणि वासरे नेमकी बुडातूनच निसटतात. असे कुंपण गुरे अडविण्याइतके दाट होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. तोपर्यंत त्याला काट्यांचा आधार द्यावा. हलक्या मुरमाड जमिनीत घायपात चांगले येते, परंतु दोन झाडांमधील फट भरून निघेपर्यंत नांगे सांधत राहावे लागते. विलायती बाभूळ मात्र कुंपणासाठी लावू नये. ती बी पसरून कुरणातच घुसते आणि पुढे काढता येत नाही.

वनखात्यात रोपवनांच्या रक्षणासाठी चर खोदण्याची पद्धत आहे. वर सुमारे एक मीटर रुंद व एक मीटर खोल असा चर मोठी जनावरे सहसा ओलांडत नाहीत. येथे एक गोष्ट नेहमी चुकते. गुरे बाहेरून आत येऊ द्यावयाची नसतील तर चर बाहेरच्या अंगाला व माती आतल्या अंगाला टाकतात. गुरे आत ठेवावयाची असतील तर हा क्रम उलटा पाहिजे. चर आतल्या बाजूस, मातीचा बांध बाहेरच्या बाजूस, आणि बांधावर चिल्लार किंवा घायपात. खोल काळ्या जमिनीत चराचे काठ पावसाने ढासळतात. तेथे हा प्रकार करू नये.

काटेरी तारेचे कुंपण लवकर उभे राहते, पण त्याला रोख पैसा लागतो. म्हणून प्रथम कुरणाचा आकार पाहावा. दोन हेक्टरांचे कुरण चौरस असेल तर त्याचा घेर सुमारे ५६६ मीटर होतो. तीन मीटर अंतरावर खांब रोवल्यास सुमारे १९० खांब आणि चार पदरांना सव्वादोन किलोमीटरहून थोडी अधिक तार लागते. तेच क्षेत्र ५० मीटर रुंद व ४०० मीटर लांब पट्टा असेल, तर घेर ९०० मीटर होऊन खांब ३०० लागतात. जागा निवडण्यास वाव असेल तेथे चौरसाकडे झुकणारा तुकडा कुरणासाठी धरावा.

खांब दोन मीटरांहून थोडा अधिक लांब असावा. त्यापैकी ६० सेंटिमीटर जमिनीत व उरलेला वर राहावा. लाकडी खांब साल काढून, जमिनीत जाणारा भाग विस्तवावर वरवर जाळून आणि डांबर लावून रोवावा. त्यामुळे वाळवी व कुज यांपासून तो बराच काळ वाचतो. सागवान तोडण्यास वनखात्याची परवानगी लागते, हे विसरू नये. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे नुसते रोवलेले खांब दोन वर्षांत डुलू लागतात. अशा जमिनीत खड्ड्यात दगड व मुरूम घालून पहारीने ठासून भरावे. कोपऱ्याचे खांब जाड असावे आणि तार ज्या बाजूस ओढते त्या बाजूने त्यांना तिरपा टेकू द्यावा. सर्व तारांचा ताण कोपऱ्यांवर येत असल्याने तेथे काटकसर केली तर सगळे कुंपण सैल पडते.

तार खांबाच्या आतल्या, म्हणजे गुरांच्या बाजूस लावावी. ती बाहेरच्या बाजूस लावल्यास जनावर रेटू लागताच खिळे उपटून येतात. आतून लावलेली तार रेटल्यास खांबावरच दाबली जाते. खालचा पदर जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर व वरचा सुमारे १२० सेंटिमीटरवर असावा. मधले दोन पदर वासरांचा विचार करून खालच्या बाजूस थोडे जवळ घ्यावे. कळपात वासरे पुष्कळ असल्यास पाचवा पदर वाढवावा. नवी तार गुरांच्या चटकन नजरेस येत नाही. पहिले काही दिवस तिच्यावर पांढऱ्या चिंध्या बांधाव्या, म्हणजे धावताना ती तारेत अडकून जखमी होणार नाहीत.

अलीकडे सौर कुंपणही वापरात आले आहे. त्यात एका यंत्रातून, सुमारे दर सेकंदाला एक याप्रमाणे, अत्यंत अल्पकाळ टिकणारा उच्च दाबाचा विजेचा झटका तारेत सोडला जातो. झटक्याने जनावर दचकते व मागे सरते, परंतु झटका क्षणिक असल्याने त्याच्या जिवाला अपाय होत नाही. तारेला गवत किंवा ओल्या फांद्या लागल्या की झटका जमिनीत जातो व कुंपण निकामी होते. म्हणून तारेखालील गवत नियमित कापावे, जमिनीत रोवलेल्या भूसळया ओल्या राहतील असे पाहावे आणि ठिकठिकाणी धोक्याच्या पाट्या लावाव्या. प्रमाणित यंत्राशिवाय हे कुंपण करू नये. घरातील किंवा पंपाची वीज सरळ तारेत सोडणे हा गुन्हा आहे. त्याने गुरे मरतात, रात्री वाटेने जाणारी माणसेही मरतात आणि पुष्कळदा बळी पडणारा माणूस त्याच घरचा असतो. असा प्रकार कोठे आढळल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्याने तो त्याच दिवशी थांबविला पाहिजे.

फाटक व पायवाट

चांगल्या कुंपणातूनही गुरे बाहेर पडतात ती बहुतेक फाटकातून. फाटक बैलगाडी व ट्रॅक्टर जाईल इतके, म्हणजे साडेतीन ते चार मीटर रुंद ठेवावे आणि ते आखाड्याच्या किंवा गावाच्या दिशेस असावे. पिकाच्या दिशेला ते ठेवू नये. गुरे दररोज ज्या वाटेने जातात तीच वाट सुटल्यावरही धरतात. वाट गोठ्याकडे जात असेल तर सुटलेली गुरे गोठ्याकडेच येतात. फाटकाचे खांब कोपऱ्याच्या खांबांइतके भक्कम असावे. आडण्याला दोर न बांधता साखळी किंवा खुंटी लावावी, कारण हुशार बैल शिंगाने आडणा सरकवून बाहेर पडतो.

दुसरे छिद्र माणसे पाडतात. सरपण आणणाऱ्या बाया, शाळेत जाणारी मुले, शेजारचा सालगडी, ज्याला जवळची वाट हवी तो तार वाकवून आत शिरतो. मनाई केल्याने ही वाट बंद होत नाही. तेथे खांबांची अरुंद, नागमोडी वाट करून द्यावी. माणूस वळून तिच्यातून सहज जातो. गुरांचे लांब अंग त्या वळणात मावत नाही. माणसांची सोय झाली म्हणजे कुंपण आपोआप शाबूत राहते.

ओढाळ जनावर

ओढाळपणा ही शिकलेली सवय आहे. एकदा कुंपण मोडून पिकात गेलेल्या जनावराला कोवळ्या कणसाची चव कळते, आणि पुढे भूक नसली तरी ते पुन्हा तीच जागा शोधते. त्याचे पाहून इतर जनावरेही शिकतात. त्यामुळे पहिली सुटका टाळणे याला सर्वाधिक महत्त्व आहे. कुंपणाला छिंडी पडल्याचे दिसताच ती त्याच दिवशी बुजवावी. उद्या पाहू म्हटले तर रात्रीतून कळपाला नवी वाट माहीत होते.

सवय लागलेल्या जनावराच्या गळ्यात लोढणे बांधण्याची जुनी चाल आहे. धावताना लोढणे गुडघ्यावर आदळते व जनावर सावकाश चालते. ते हलके असावे, कुरणात असतानाच बांधावे आणि रात्री काढून घ्यावे. अवजड लोढण्याने मान सोलते व गुडघे सुजतात. झाडीत चरणाऱ्या जनावराला ते मुळीच बांधू नये. ते झुडपात अडकून जनावर तहानेने मरण्याचा संभव असतो. कळपाच्या म्होरक्याच्या गळ्यात घंटा असावी, म्हणजे कळप कोणत्या दिशेला चालला आहे हे गुराख्याला दुरूनच कळते. इतके करूनही एखादे जनावर आवरत नसेल, तर ते दावणीलाच बांधून चारावे. त्या एकाच्या पायी साऱ्या कळपाला वाईट वळण लावू नये.

गाय सुमारे २१ दिवसांनी माजावर येते. हंबरणे, सोट गाळणे व इतरांवर उडणे ही चिन्हे दिसताच तिला कुरणात न सोडता गोठ्यात बांधावे व वेळीच भरवून घ्यावे. निकृष्ट वळूंचे खच्चीकरण पशुवैद्यकाकडून करून घ्यावे. तोडलेले वासरू गाईला ऐकू येणार नाही इतक्या दूर ठेवावे. माळेगावच्या यात्रेतून किंवा एखाद्या बाजारातून नवा बैल आणला, तर त्याला पहिले आठ ते पंधरा दिवस दावणीलाच बांधून घरच्या माणसाने हाताने चारावे आणि मग शांत जुन्या जनावराच्या सोबतीने कुरणात न्यावे. एकटे जनावर कुंपणात सहसा रमत नाही.

जनावर पिकात शिरल्यास

जनावर पिकातून काढल्यावर ते काय व किती खाऊन आले आहे, हे प्रथम पाहावे. कोवळ्या, पावसाच्या ताणाने खुरटलेल्या किंवा कापणीनंतर बुडातून फुटलेल्या ज्वारीत विषारी द्रव्य तयार होते. ते पोटात गेल्यास जनावराला धाप लागते, तोल जातो, ते कोसळते आणि उपचार न झाल्यास लवकरच मरते. यावरचे औषध शिरेतून द्यावे लागते. म्हणून घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे. महाराष्ट्रात फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. राशीवरचे धान्य भरपूर खाल्लेले असेल किंवा पोट डावीकडे फुगले असेल, तरीही हाच मार्ग धरावा. तारेने झालेली जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, तिच्यावर माशा बसू देऊ नये आणि ती खोल असल्यास पशुवैद्यकाला दाखवावी.

ज्याच्या पिकाचे नुकसान झाले, त्याचा राग साहजिक आहे. परंतु मुक्या जनावराला कुऱ्हाड मारल्याने पीक परत येत नाही. त्याला धरून कोंडवाड्यात पोचविणे हा रीतसर मार्ग आहे. मालकाने ठरलेला दंड व खावटी भरून ते सोडवावे. १८७१ च्या गुरे अतिचार कायद्यापासून ही पद्धत आपल्या देशात चालत आली आहे. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असल्यास मालकाचा शोध लवकर लागतो. त्यामुळे प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या जनावरांना बिल्ला मारून त्यांची नोंद करून घ्यावी. जंगलाकडे गेलेल्या गुरांचा शोध अंधार पडल्यावर एकट्याने घेऊ नये.

गावाने करावयाच्या गोष्टी

एका शेतकऱ्याचे कुंपण कितीही चांगले असले तरी गायरान उजाड असेल तर साऱ्या गावची गुरे पिकांवर येतात. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत हा विषय काढावा. गायरानाचा निदान एक तृतीयांश भाग पाळीपाळीने बंद ठेवण्याचा ठराव करावा. कोंडवाड्याची दुरुस्ती व तेथील पाणी यांची पाहणी करावी. लोहमार्ग व पीक यांच्या बाजूस चारणाऱ्या गुराख्यांची वेळ व जागा ठरवून द्यावी. ज्वारी, सोयाबीन व कापूस निघून उलंगवाडी होईपर्यंत कोणाचेही जनावर मोकळे सुटणार नाही, हा नियम सर्वांना सारखाच लावावा. मोठ्या शेतकऱ्याच्या गुरांना सूट आणि गरिबाच्या गाईला कोंडवाडा असे झाल्यास कोणताही नियम टिकत नाही.

कुंपणाच्या कामाचा क्रम वर्षभराशी जुळवून घ्यावा. उन्हाळ्यात खांब पाहून डुलणारे ठासून घ्यावे व तार ताणावी. जूनमध्ये गवताचा हिशेब करून कडब्याची तजवीज करावी व पहिल्या पावसात जिवंत कुंपणाची रोपे लावावी. जुलै ते नोव्हेंबर या काळात आठवड्यातून एकदा कुंपणाच्या कडेने सबंध फेरी मारावी आणि छिंडी दिसेल तेथेच बुजवावी. सप्टेंबरच्या प्रारंभी कुरणातील उरलेले गवत पाहावे. ते कमी वाटल्यास कडबा त्याच दिवसापासून सुरू करावा. याप्रमाणे आतल्या चाऱ्याची व बाहेरच्या कुंपणाची एकाच वेळी काळजी घेतल्यास गुरे कुरणात समाधानाने राहतील, शेजाऱ्याचे पीक सुरक्षित राहील आणि शेतकऱ्याला रात्री निर्धास्त झोप येईल.